पडद्यांचं माप घ्यायला आलेली बाई

"चुका शोधायला मला भाड्याचे डोळे नकोत," असं कानामात्राने सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि चहात बिस्किट बुडवलं. अर्धं बिस्किट मोडून कपाच्या तळाशी गेलं, ते त्याला दिसलं नाही. पण पुड्यावर 'पौष्टीक' छापलंय, पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी काढलीय, हे दिसलं आणि त्याचा अख्खा चहा कडू झाला.

कानामात्रा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. छापखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रूफं तपासून मिळवलेली ती पदवी. एका लग्नपत्रिकेतल्या 'शुभविवाहा'मधला 'शुभ' गळला होता, तो त्याने छपाईच्या आदल्या दिवशी पकडला. दातांच्या एका डॉक्टरच्या पाटीवर 'दंत'चं 'अंत' झालं होतं, तेही त्यानेच वाचवलं. त्या डॉक्टरचे पेशंट आजही त्याला दुवा देत असतील. अशा माणसाला बायको सांगत होती, की नवं घर ताब्यात घेण्याआधी घरं तपासणाऱ्या एखाद्या जाणकाराला बोलवू.

बायको इस्पितळात नर्स होती. तिचं म्हणणं साधं होतं.

"आमच्याकडे पेशंट चालत दारापर्यंत आला, हसला, हात हलवला, तरी तपासल्याशिवाय त्याला घरी सोडत नाहीत. आणि चौदा महिने बांधलेलं घर आपण नुसतं 'छान दिसतंय' म्हणून घ्यायचं?"

"अगं, मी आहे ना तपासायला."

"आमच्या मेट्रनबाईंच्या घरी दुसऱ्याच महिन्यात स्वयंपाकघरातली कपाटं भिंतीसकट खाली आली."

"भिंतीसकट?"

"कपाटं भिंतीला नीट बसवली होती. भिंतच घराला नीट बसवलेली नव्हती."

कानामात्रा हसला. मेट्रनबाईंच्या घरात मुद्रितशोधक नव्हता, एवढाच त्याने त्यातून बोध घेतला.

घर बांधणारा कंत्राटदार गोड बोलणारा होता. साखरेच्या पोत्यात पडून मोठा झाल्यासारखा. त्याला काहीही सांगा, त्याचं एकच उत्तर, 'होऊन जाईल.' खिडकी पूर्वेला हवी? होऊन जाईल. ओट्याखाली कप्पा हवा? होऊन जाईल. गेल्या महिन्यात घर देणार होतात ना? होऊन जाईल. त्याच्यामागे सगळे त्याला 'होऊन जाईल' म्हणूनच ओळखायचे. कानामात्राचा मात्र त्याच्यावर जीव होता, कारण त्याच्या अंदाजपत्रकात शुद्धलेखनाच्या फक्त सहा चुका होत्या. त्या धंद्यात हे प्रमाण फारच कमी, असं त्याचं मत.

तर मग पुढच्या रविवारी कानामात्रा लाल पेन आणि वही घेऊन एकटाच नव्या घरी गेला. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि आईची खोली. वर दोन खोल्या आणि बाथरूम. चार तास त्याने घर अक्षर अक्षर वाचलं. गुडघ्यांवर बसून वाचलं, स्टुलावर चढून वाचलं. परत आला तेव्हा वहीत एकतीस चुका होत्या. त्याने त्या बायकोला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर रंगाचा ठिपका. दाराच्या मुठीवरचा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेला वळलेला. बाथरूममधल्या वारा बाहेर टाकणाऱ्या पंख्यावरचं स्टिकर तिरकं.

"पाणी सोडून बघितलंत?" बायकोने विचारलं.

"पाणी अजून जोडलेलं नाही. शुक्रवारी जोडणार आहेत."

"मग बाथरूममध्ये काय तपासलंत?"

"आरशाचा कोपरा. एक टवका गेलाय. नंबर एकोणीस."

"बरं," बायको म्हणाली.

बायकोचं 'बरं' दोनच अक्षरांचं असतं, पण त्यातला मजकूर पानभर असतो. तो मजकूर कानामात्राला लग्न झाल्यापासून एकदाही वाचता आलेला नव्हता. बायकोने दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंकडून घरं तपासणाऱ्या बाईंचा नंबर घेतला आणि शनिवारी अकराची वेळ ठरवली. नवऱ्याला सरळ सांगितलं असतं तर तो आठवडाभर जखमी सिंहासारखा घरात फिरला असता. म्हणून शनिवारी ड्यूटीला निघताना ती चपला घालता घालता एवढंच म्हणाली, "अकरा वाजता नव्या घरी एक बाई येतील. मापं वगैरे घेतील. त्यांना सगळं घर नीट बघू द्या. मी बारापर्यंत पोचतेच."

पडद्यांची चर्चा घरात पंधरा दिवस चालू होती. त्यामुळे बाई कोण हे कानामात्राला विचारावंही लागलं नाही.

त्यानेही बायकोला एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याच शनिवारी, त्याच अकरा वाजता, कंत्राटदार ताब्याचा कागद घेऊन येणार होता. कानामात्राच्या मनात होतं, की बायको बाराला येईल तेव्हा किल्ल्या तिच्या हातात ठेवायच्या आणि तिचा चेहरा बघायचा. एकदा त्या कागदावर सही झाली, की घरात पुढे जे निघेल ते घरमालकाचं, कंत्राटदाराचा संबंध संपला. पण हा मुद्दा कानामात्राच्या डोक्यात नव्हता. त्याच्या डोक्यात बायकोचा चेहरा होता.

शनिवारी साडेदहाला तो आईला घेऊन नव्या घरी आला. सोबत टेम्पोत एकच सामान होतं, छापखान्याने टाकून दिलेली त्याची चाकांची खुर्ची. वहीतल्या एकतीस चुका कंत्राटदार निस्तरत असताना आईला बसायला काहीतरी हवं. त्याने खुर्ची बैठकीच्या खोलीत दाराजवळ ठेवली. आई ऐसपैस बसली आणि जुन्या शेजारणीची गोष्ट सांगू लागली.

"ती मला म्हणाली, नव्या घरी जाताय, आम्हाला विसरू नका. मी म्हटलं, विसरेन कशी..."

कानामात्रा भिंतीवरचा एक डाग नखाने खरवडत होता. आईचा आवाज हळूहळू लांब जातोय असं त्याला वाटलं. वळून बघतो तर आई खोलीच्या मध्यावर.

"आई, कुठे निघालीस?"

"मी कुठे निघाले? मी तर बसलेय."

आणि खरंच, ती बसलेलीच होती. फक्त निघालेली होती. बोलता बोलता ती स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली, ओट्याला टेकून थांबली आणि तिथून तिने गोष्ट पूर्ण केली. कानामात्राने तिला ढकलत परत दाराशी आणलं. पाच मिनिटांत ती पुन्हा ओट्यापाशी.

"चाकांना तेल जास्त झालंय," कानामात्रा म्हणाला.

"असू दे रे," आई म्हणाली. "मला बरं वाटतंय. पाय न दुखता स्वयंपाकघर बघून होतंय."

तेवढ्यात कंत्राटदार आला. पांढरा शुभ्र शर्ट, केसांना तेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्याने आईला वाकून नमस्कार केला, पण तो वर उठेपर्यंत आई चार फूट पुढे गेली होती, त्यामुळे नमस्कार मोकळ्या जमिनीला झाला.

"साहेब, तुमच्या एकतीस गोष्टी ना, होऊन जातील. स्क्रू मी आत्ता स्वतः फिरवतो. तोवर तुम्ही इथे खाली एक सही करून टाका."

कानामात्राने कागद हातात घेतला, आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. पहिल्याच ओळीत 'ताबापावति'. पहिली वेलांटी!

"चुकीच्या कागदावर मी सही करत नाही," असं म्हणून त्याने खिशातून लाल पेन काढलं, खिडकीच्या कट्ट्यावर कागद पसरला आणि वाचायला बसला.

"साहेब, फक्त सही..."

"दहा मिनिटं. दोन पानं आहेत."

इतक्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, वीज चमकतेय."

बाहेर तर लख्ख ऊन होतं. कानामात्रा जाऊन बघतो तर स्वयंपाकघरातला दिवा चमकत होता. पेटायचा, विझायचा. पुन्हा पेटायचा. कंत्राटदाराने पुढचं दार उघडलं, तर बाहेर एक ठेंगणी बाई घंटेचं बटण दाबत उभी होती. शर्टपँट, खांद्याला जाड पिशवी, कमरेला मोजपट्टी, हातात बॅटरी.

"घंटा वाजत नाही वाटतं," ती म्हणाली.

"वाजते की. दिसते नुसती," कंत्राटदार म्हणाला. "वायर बदलली की होऊन जाईल."

बाईंनी दारातच वहीत काहीतरी लिहिलं. "मला अकराला बोलावलंय. मापं घ्यायची आहेत."

"या, या," कानामात्रा म्हणाला. "बायकोने सांगितलंय मला. सगळं घर बघा. वरच्या खिडक्या विसरू नका."

"खिडक्याही बघते. पण आधी झोळ किती आहे ते बघते."

"झोळ असू दे थोडा. सुंदर दिसतो."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. "छताला झोळ सुंदर दिसत नाही, साहेब."

"म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत?"

"छतापासून जमिनीपर्यंत सगळं बघणार आहे मी."

"वा," कानामात्रा म्हणाला. घराला छतापासून जमिनीपर्यंतचे पडदे म्हणजे चैनच. पण बायकोने ठरवलंय म्हटल्यावर ठरवलंय.

"आतून अस्तर दिलंय का?" बाईंनी भिंतीवर बोटाने टकटक करत विचारलं.

"अस्तर द्यायलाच हवं. नाहीतर उन्हाने रंग उडतो."

"म्हणजे दिलेलं नाही," असं पुटपुटत त्यांनी तेही लिहून घेतलं. मग पिशवीतून एक काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटी जराशी थरथरली आणि आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात निघून गेली. कानामात्राला हे थोडं विचित्र वाटलं. पण प्रत्येक धंद्याची आपली रीत असते. तो पुन्हा कागदाकडे वळला. दुसऱ्या ओळीत 'उपरोल्लेखित' होतं. आता हा शब्द अशुद्ध आहे, 'उपरिनिर्दिष्ट' म्हणायला हवं, हे दहातले नऊ जण सांगू शकत नाहीत. दहावा तिथे बसला होता, आणि मग त्याला जगाचं भान कुठून राहणार?

"या कोण?" कंत्राटदाराने हळूच विचारलं.

"बायकोने पाठवलंय. घर बघायचंय त्यांना," कानामात्रा मान वर न करता म्हणाला.

कंत्राटदाराचे डोळे लकाकले. याचा अर्थ त्याने त्याच्या परीने लावला. वहिनींची मैत्रीण, घर बांधायच्या विचारात, नमुना बघायला आलेली. नवं काम चालून दारात आलं होतं. त्याने केसांवरून हात फिरवला आणि तो बाईंच्या मागे जिना चढून वर गेला.

वरचे आवाज जिन्यातून खाली येत होते. कानामात्राच्या कानांवर ते पडत होते, पण आत जात नव्हते.

"इतकं सगळं इतक्या झटपट कसं उरकलंत तुम्ही?" बाईंचा आवाज.

"अनुभव, मॅडम. आता तुम्ही घरच्यासारख्या म्हणून सांगतो. जे दिसतं, तिथे जीव ओतायचा. जे दिसत नाही, तिथे आपला जीव कशाला दमवायचा? ते बघायला कोण येतंय?"

"खरंच, कोण येतंय," बाई म्हणाल्या. पेन कागदावर चालल्याची कुरकुर ऐकू आली.

कानामात्राने 'जवाबदारी' खोडून 'जबाबदारी' केलं.

"या प्लगच्या तिसऱ्या भोकात तार नाहीये."

"ते भोक शोभेला असतं, मॅडम."

कानामात्राने एक स्वल्पविराम हलवला.

"आणि हा पंखा वारा बाहेर टाकतो म्हणता, पण मागे तर भिंत आहे. भोकच नाही."

"भोक बाहेरून पाडायचं असतं ते. पण फिरतो छान. आवाज ऐका."

कानामात्रा सातव्या कलमाशी पोचला. 'घराचे सर्व काम तपासुन पाहिले असुन ते समाधान कारक आहे.' अरे देवा. 'तपासुन'मध्ये पहिला उकार, 'असुन'मध्ये पहिला उकार, आणि 'समाधानकारक' तोडून दोन तुकडे केलेलं. एका ओळीत तीन गुन्हे. त्याने तिन्ही दुरुस्त केले, हलकेच फुंकर मारली आणि समाधानाने मागे टेकला. एकूण तेवीस दुरुस्त्या. आता कागद सही करण्याच्या लायकीचा झाला होता.

कंत्राटदार जिना उतरून आला. खुशीत होता. "मॅडम फार हुशार आहेत हो. एकेक प्रश्न असा विचारतात. बहुतेक काम आपल्यालाच मिळतंय. झालं का तुमचं?"

"झालं," कानामात्रा म्हणाला. ते दोघं खोलीच्या मधोमध, छताच्या गोल दिव्याखाली उभे राहिले. कंत्राटदाराने कागदाखाली आपली फाइल धरली. कानामात्राने पेन टेकवलं.

वरून बाईंचा आवाज आला, "मेन स्विच बंद केलाय. पाणी सोडतेय. खाली कुणी असेल तर बाजूला व्हा."

"पडद्यांना पाणी कशाला?" कानामात्रा म्हणाला.

"पडदे?" कंत्राटदार म्हणाला.

कागदावर लाल थेंब पडला. बरोबर सहीच्या जागी. कानामात्राने पेन उलटंपालटं करून पाहिलं. "माझं पेन कधी गळत नाही," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. दुसरा थेंब कंत्राटदाराच्या नाकावर पडला. दोघांनी एकदम वर पाहिलं. छताचा गोल दिवा लालभडक झाला होता, टोमॅटोसारखा. दिवा भरत होता. मग तो भरला.

पुढे काय झालं ते सांगायला कानामात्राला आजही शब्द सापडत नाहीत, आणि त्याच्याकडे शब्दांची कमतरता नाही. दिवा निखळला, मागोमाग छताचा ताटाएवढा तुकडा सुटला आणि बादलीभर लाल पाणी कंत्राटदाराच्या डोक्यावर ओतलं गेलं. पांढरा शर्ट तिथेच संपला. कानामात्रा अर्धा भिजला. उरलेलं पाणी जमिनीवर पडून सरळ स्वयंपाकघराच्या दिशेने धावत सुटलं. वाटेत आईची खुर्ची होती. आईने पाय वर घेतले, आणि खुर्चीने या वेळी कुणी न सांगता वेग पकडला. पाण्याच्या आधी आई ओट्यापाशी पोचली.

"होऊन जाईल," कंत्राटदार लाल पाण्यातून म्हणाला. सवयीने.

नेमकी त्याच क्षणी बायको दारात आली. इस्पितळातून थेट, अंगावर गणवेश. तिने काय पाहिलं? जमीन लाल. नवऱ्याचा खांदा लाल. कंत्राटदार डोक्यापासून पायापर्यंत लाल, डोळे पांढरे केलेला, थरथरणारा. वीस वर्षं अपघात विभागात काढलेल्या बाईने अशा वेळी प्रश्न विचारत बसायचे नसतात.

"हलू नका. यांना झोपवा. पाय वर करा."

"अगं, पण..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. डोकं धरा त्यांचं."

कंत्राटदाराला काही कळायच्या आत तो जमिनीवर आडवा होता. पाय कानामात्राच्या वहीवर, मनगट बायकोच्या बोटांत.

"कुठे लागलंय? श्वास घ्या. ही किती बोटं दिसतात?"

"तीन," कंत्राटदार केविलवाणा होऊन म्हणाला.

"नाव सांगा. वार कोणता?"

"शनिवार."

तपासणाऱ्या बाई जिन्यावरून धावत खाली आल्या होत्या. कठड्याला धरून, दम घेत त्यांनी तिथूनच आपलाही एक प्रश्न मध्ये टाकला. "वरच्या बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप पुढे कुठे जातो?"

आता माणूस आडवा असला, नाडी दुसऱ्याच्या हातात असली आणि प्रश्नामागून प्रश्न येत असले, की खोटं बोलायला सवड मिळत नाही.

"कुठेच नाही, वहिनी," कंत्राटदार म्हणाला. "छतातच संपतो."

वरून एक थेंब पडला, टप्प.

"रंग आहे तो," बाई बायकोला म्हणाल्या. "पाणी कुठून कुठे जातं ते कळावं म्हणून मी लाल रंग टाकते. एवढं लगेच कळेल असं वाटलं नव्हतं."

बायकोने कंत्राटदाराचं मनगट सोडलं. कानामात्राने त्याचं डोकं सोडलं.

"म्हणजे तुम्ही पडद्यांचं माप..." कानामात्रा म्हणाला.

"मी घरं तपासते."

"म्हणजे तुम्हाला घर बांधायचं नाहीये?" कंत्राटदार जमिनीवरूनच म्हणाला.

"मी कधी म्हटलं तसं? तुम्ही आपणहून सांगत होतात, मी लिहून घेत होते."

आणि मग त्यांनी वही उघडून वाचून दाखवलं. चव्वेचाळीस दोष. बैठकीच्या खोलीच्या जमिनीला स्वयंपाकघराकडे उतार. बाथरूमच्या जमिनीला जाळीकडे उतार हवा, तो दाराकडे. वरच्या भिंतीत ओल. सात फरशा खालून पोकळ. एकाही प्लगला जमिनीत जाणारी तार नाही. बाई वाचत होत्या आणि कानामात्रा प्रत्येक नंबराला लहान लहान होत चालला होता. मध्येच त्याला थोडी आशा वाटली.

"पंख्याचं लिहिलंय का काही? बाथरूममधल्या?"

"लिहिलंय. पंख्यामागे भोक नाही, नुसती भिंत आहे. नंबर सव्वीस."

"मीही पंख्याचं लिहिलं होतं," कानामात्रा म्हणाला.

"काय?"

"स्टिकर तिरकं आहे."

पहिल्यांदा बायकोला हसू फुटलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण ते बोटांमधून बाहेर आलं. मग तपासणाऱ्या बाई हसल्या. आई ओट्यापाशी बसल्या बसल्या, काय झालं हे न कळताच हसली. शेवटी कानामात्राही हसला, आणि हसता हसता त्याने हातातला भिजका कागद उघडला. आता पहिल्यांदाच, अक्षरं सोडून, त्याने तो वाचला. 'घराचे सर्व काम तपासून पाहिले असून ते समाधानकारक आहे. यापुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.' किती निर्दोष वाक्यं होती. किती काळजीने त्याने ती निर्दोष केली होती.

"अगं, मी यावर सही करत होतो," तो बायकोला हळू आवाजात म्हणाला. "तू यायच्या आत. तुला किल्ल्या द्यायच्या होत्या."

बायकोने कागदावरचा लाल डाग बघितला, मग नवऱ्याचा चेहरा बघितला. रागवायचं तिच्या मनात होतं. पण गालावर लाल ओघळ आणि हातात पेन, अशा माणसावर रागावणं अवघड असतं.

"तुम्ही अक्षरं वाचता हो," ती म्हणाली. "मजकूर दुसऱ्याला वाचू द्यावा कधीतरी."

कानामात्राने मान डोलावली. मग कागद पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि सातव्या कलमातलं 'आहे' खोडून त्याच्यावर, सुवाच्य अक्षरात, 'नाही' लिहिलं. समासात लिहिलं, की चव्वेचाळीस दोष दुरुस्त होऊन याच बाईंनी पुन्हा तपासल्याशिवाय ताबा घेतला जाणार नाही. अठ्ठावीस वर्षांत एका शब्दाने एवढं मोठं काम त्याने कधी केलं नव्हतं.

"सही करा," तो कंत्राटदाराला म्हणाला.

कंत्राटदाराने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे अजून नर्सच्याच नजरेने बघत होती. त्याने सही केली, पाय वर ठेवूनच.

दुरुस्तीला अडीच महिने लागले. छत उघडलं, पाइप पुढे नेला, जमीन उखडून सपाट केली, तारा नव्याने ओढल्या. बाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी निळा रंग वापरला. खाली सगळे छत्र्या उघडून उभे होते, पण एक थेंबही पडला नाही. निळं पाणी गुपचूप जिथे जायचं तिथे गेलं. बायकोने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी किल्ल्या हातात घेताना तिचा चेहरा कसा होता, ते कानामात्राने नीट बघून घेतलं.

फक्त आईची थोडी कुरकुर होती. "पूर्वी बसल्या जागी स्वयंपाकघरात जाता यायचं," ती म्हणायची. "आता उठावं लागतं. काय दुरुस्ती केली कुणास ठाऊक."

राहायला येऊन महिना झाला असेल. एका संध्याकाळी घंटा वाजली, आणि आता ती खरंच वाजत होती. दारात कंत्राटदार. कानामात्रा दचकला. पंचेचाळीसावं काही निघालं की काय? पण कंत्राटदार नजर चुकवत, दारातच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा राहिला.

"वहिनी, त्या तपासणाऱ्या बाईंचा नंबर मिळेल का?"

"भांडायला?" बायकोने विचारलं.

"छे हो. माझं स्वतःचं घर बांधून होतंय. पुढच्या आठवड्यात ताबा आहे. म्हटलं, त्याआधी एकदा बघून जातील तर बरं."

"स्वतःचं घर तुम्ही स्वतः नाही बांधलंत?" कानामात्राने विचारलं.

"बायको म्हणाली, काम माझ्या भावाला द्या. सख्खा मेहुणा पडला, नाही कसं म्हणणार?"

"मग घरचाच माणूस आहे की. विश्वास ठेवा त्याच्यावर."

कंत्राटदाराने मागे वळून रस्त्यावर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि तो कानामात्राच्या कानाशी लागला.

"कसा ठेवू, साहेब? सगळं काम तो माझ्याच हाताखाली शिकलाय."